बुकमार्क, बाजार आणि साक्ष

मुरगूडच्या बाजारात नव्या दुकानाला पहिले गिऱ्हाईक बहुधा कोणाच्या तरी सांगण्यावरून मिळते. ‘त्यांच्याकडे जा, माल चांगला आहे,’ एवढे पुरते. इंटरनेटवर सोशल बुकमार्किंग सुरू झाले तेही असेच.

2003 मध्ये जोशुआ शॅक्टर या अमेरिकी प्रोग्रामरने ‘डिलिशस’ सुरू केले. आवडलेल्या पानाचा पत्ता तिथे जपायचा, त्याला ‘चप्पल’, ‘पाककृती’ असा टॅग लावायचा आणि तो इतरांनाही दिसायचा. एकच पान अनेकांनी जपले की ते लोकप्रिय यादीत येई आणि त्या संकेतस्थळाकडे लोकांची रीघ लागे. 2005 च्या अखेरीस याहूने डिलिशस विकत घेतले.

व्यापाऱ्यांनी हे हेरले. खोटी खाती उघडून आपल्याच दुकानाचे दुवे शेकडो ठिकाणी टाकण्याचा धंदा सुरू झाला. हेतू एकच, गूगलवर वर येणे. एप्रिल 2012 मध्ये गूगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला आणि बनावट दुव्यांवर उभी असलेली संकेतस्थळे खाली घसरली. 2017 मध्ये पिनबोर्डने डिलिशस घेतले आणि नव्या नोंदी बंद केल्या.

तरीही ‘हजार बुकमार्क’ विकणारे आजही भेटतात. आपल्या छोट्या दुकानदारांनी त्यात पैसे घालू नयेत. मालाचा फोटो, भाव आणि पत्ता नीट लिहावा, समाधानी गिऱ्हाइकाला दुवा पुढे पाठवायला सांगावे. स्वतःच्या मालाबद्दल स्वतःची साक्ष बाजारात कधीच चालली नाही. इंटरनेटवरही ती फार दिवस चालली नाही.