गहाण सोडवण्याचा हक्क

घर गहाण पडते तेव्हा घरधन्याची चिंता एकच असते : पैसे फेडले म्हणजे घर परत मिळेल ना? या चिंतेच्या पोटी कायद्याचे दोन प्रश्न दडलेले असतात. घर गहाण आहे की विकले गेले आहे? आणि ते गहाण आज नेमके कोणाच्या हाती आहे?

जुन्या महाराष्ट्रात ‘गहाण-लहाण’ नावाचा व्यवहार रूढ होता. ठरल्या मुदतीत कर्ज न फिटल्यास गहाणखत हेच खरेदीखत समजावे, अशी अट त्यात असे. मुदत टळली की वाडा वा शेत सावकाराचे होई. १८६४ साली मुंबई उच्च न्यायालयाने रामजी विरुद्ध चिंतो या खटल्यात, मुदत टळली तरी गहाण हे गहाणच राहते, हे तत्त्व अशा व्यवहाराला लागू केले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलला मात्र ते मानवले नाही. करार जसा लिहिला तसाच पाळावा, असा निर्णय तिने १८७० साली मद्रासकडील एका दाव्यात दिला.

हा वाद अखेर १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने मिटविला. त्याच्या ६०व्या कलमाने गहाण सोडवण्याचा हक्क ऋणकोच्या पदरात टाकला. नागपूर ज्या मध्य प्रांतात होते तेथे हा कायदा १ जुलै १८८२ रोजीच अमलात आला. मुंबई इलाख्याला त्यासाठी १८९३ उजाडावे लागले. तरीही एक पळवाट उरली. गहाणाची अट खरेदीखतातच लिहिलेली नसेल तर व्यवहार गहाण मानू नये, अशी तरतूद १९२९ साली झाली. परतीचा करार वेगळ्या कागदावर लिहून घेणाऱ्या गरजवंताच्या हातून हा हक्क निसटला.

सावकाराच्या जागी बँका आल्या आणि दुसरा प्रश्न पुढे आला. २००२च्या सरफेसी कायद्याने बँकेला साठ दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी न्यायालयाची पायरी न चढता, तारण ताब्यात घेण्याचा अधिकार दिला. दाद मागण्यापूर्वी मागणीच्या ७५ टक्के रक्कम भरण्याची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली मर्डिया केमिकल्सच्या खटल्यात रद्द केली. त्यामुळे नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाचे दार सामान्य ऋणकोलाही उघडले. पण थकलेली कर्जे पुनर्रचना कंपन्यांना विकली जातात. मग घर मागणारा खरा धनको कोण?

अमेरिकेत हाच प्रश्न ऐरणीवर आला होता. लिलावाच्या वेळी गहाण आपल्याकडे होते हे बँकांना सिद्ध करता आले नाही, म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये इबान्येझ खटल्यात घरांचे लिलाव निरर्थक ठरविले. आपल्याकडे त्याच वर्षी तारणांची केंद्रीय नोंदवही सुरू झाली. त्या वहीत नोंद नसेल तर धनकोला सरफेसीचे अधिकार वापरता येत नाहीत, असे बंधन २०२० पासून आहे. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत न केल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाला.

हे सारे हक्क कागदावर अवलंबून आहेत. म्हणून नोटीस हाती पडताच ऋणकोने प्रथम विचारावे : माझे गहाण आज कोणाच्या नावे नोंदलेले आहे? हा प्रश्न विचारल्याने कर्ज बुडत नाही. मात्र ज्याचा अधिकार नाही त्याच्या हाती घर जाण्याचे टळते.