बोटीचा वेग कोणाला विचारायचा?

गेटवेहून एलिफंटाला किंवा मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्ये बसलात, तर फोनवर वेग दाखवणारं एखादं अ‍ॅप उघडून बघा. जाताना एक आकडा दिसेल, येताना दुसरा. इंजिनाचा आवाज तोच, माणसंही साधारण तेवढीच, तरी एकीकडे दोन-तीन किलोमीटर जास्त आणि दुसरीकडे तेवढेच कमी. अ‍ॅप बिघडलेलं नसतं. भरती-ओहोटीचं पाणी स्वतःच चाललेलं असतं आणि लाँच त्या चालत्या पाण्यावर चालत असते. फोन वेग सांगतो तो जमिनीच्या हिशेबाने. लाँचचा पंखा ढकलतो ते पाणी, त्याला जमीन माहीतच नाही.

मी नवी मुंबईत गाड्यांचं लोकेशन दाखवणारं सॉफ्टवेअर लिहितो. गाडीला वेग एकच असतो, कारण रस्ता हलत नाही. बोटीला दोन असतात. यातला खरा कोणता, हा प्रश्न शेकडो वर्षं जुना आहे, आणि त्याचा गेल्या तीस वर्षांतला सगळ्यात मजेदार तंटा झाला तो वॉटर स्कीइंगच्या बोटींवर. आपल्या खाडीत स्की करताना मला अजून कोणी दिसलेलं नाही. तरी ही गोष्ट कळायला आपल्या खाडीसारखी जागा नाही.

आधी जुना हिशेब. सोळाव्या शतकात खलाशी दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारत, टोकाला लाकडाची फळी बांधत आणि ती मागे पाण्यात सोडत. वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत हातातून किती गाठी सरकल्या, तो जहाजाचा वेग. इंग्रजीत गाठीला नॉट म्हणतात, म्हणून जहाजाचा वेग आजही नॉटमध्येच. १५७४ साली विल्यम बोर्नच्या पुस्तकात ही रीत छापलेली सापडते. पुढे गाठींमधलं अंतर ४७ फूट ३ इंच आणि घड्याळ २८ सेकंदांचं, असं गणित बसलं. पण फळी तरंगते पाण्यावर. पाणीच वाहत असेल तर फळीही त्याच्यासोबत वाहते. म्हणजे मोजला जातो तो पाण्यातला वेग.

१७३२ मध्ये आंरी पितो या फ्रेंच अभियंत्याने पॅरिसच्या सेन नदीत वाकडी नळी धरली आणि तिच्यात पाणी किती चढतं त्यावरून प्रवाहाचा वेग काढला. हीच पितो नळी आज विमानांवर असते आणि लहान स्पीडबोटींच्या मागेही. बोट पळते, नळीच्या तोंडावर पाण्याचा दाब येतो, डॅशबोर्डवरचा काटा हलतो. तोंडात शेवाळ किंवा गाळ गेला की काटा शून्यावर. आपल्या खाडीत प्लॅस्टिकची पिशवीही चालेल.

वॉटर स्कीइंग सुरू झालं १९२२ मध्ये. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात लेक पेपिनवर राल्फ सॅम्युअलसन हा अठरा वर्षांचा मुलगा दोन फळ्या पायाला बांधून, भावाच्या बोटीमागे दोरी धरून उभा राहिला. तेव्हा वेग मोजायची कोणाला गरज नव्हती. गरज पडली ती स्पर्धांमुळे. स्लालम नावाच्या प्रकारात २५९ मीटरचा सरळ मार्ग असतो. मध्ये सहा बोया, एक उजवीकडे, एक डावीकडे, एकीपासून दुसरी ४१ मीटर पुढे. बोट सरळ जाते, स्की करणारा नागमोडी. बोटीचा वेग ताशी ५५ किलोमीटर ठरला असेल, तर हा मार्ग १६.९५ सेकंदांत पार व्हायला हवा, ५८ असेल तर १६.०८ सेकंदांत. बोट हळू गेली तर खेळाडूला फुकटचा वेळ मिळतो. जोरात गेली तर त्याचा हक्काचा वेळ जातो.

आता बोट चालवणाऱ्याची अडचण बघा. खेळाडू बोयाला वळसा घालून परत आत येताना दोरीला जबरदस्त हिसका देतो. बोट तेवढ्यापुरती मंदावते. चालक थ्रॉटल थोडा पुढे करतो, पुढच्याच सेकंदाला ताण सुटतो, बोट उसळते, थ्रॉटल मागे. एका फेरीत हे सहा वेळा. नजर पितोच्या काट्यावर, काठावर कोणीतरी स्टॉपवॉच घेऊन बसलेला. चांगला चालक हिसका येण्याआधीच हाताने ओळखायचा. हे कसब होतं, पण रेकॉर्डला कसब चालत नाही. दोन चालकांचे हात सारखे नसतात.

१९९० च्या दशकात कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या परफेक्टपास कंपनीने चालकाच्या मदतीला कॉम्प्युटर दिला. छोटी मोटर थ्रॉटलची केबल ओढायची आणि इंजिनाचे फेरे ठरल्याप्रमाणे ठेवायची. बोटीच्या बुडाला लहानसं चाक, पाण्याने फिरणारं, त्यावरून वेग कळायचा. वेळेसाठी स्लालमच्या मार्गात पाण्याखाली चुंबक टांगलेले. मला हा भाग फार आवडतो. पण समोरून वारा आला, बोटीत एक माणूस वाढला, की इंजिनाचे तेच फेरे वेगळा वेग देत. मग चालक फेरीआधी आकडे थोडे मागेपुढे करत बसे.

इथे जीपीएस आलं. त्याची सुरुवात उलटी झाली होती. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक उडाला तेव्हा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गायर आणि वायफेनबाख हे दोघे त्याचा बीप-बीप आवाज ऐकत बसले. उपग्रह जवळ येताना सूर चढतो, लांब जाताना उतरतो, आपल्या फाटकावरून जाणाऱ्या गाडीच्या भोंग्यासारखा. त्या चढउतारावरून त्यांनी उपग्रहाची कक्षा काढली. मग त्यांच्या वरिष्ठांनी, फ्रँक मॅक्लुअर यांनी, विचारलं, कक्षा माहीत असेल तर ऐकणारा कुठे आहे हे काढता येईल का? त्यातून ट्रान्झिट ही पाणबुड्यांसाठीची यंत्रणा आली. जीपीएसचा पहिला उपग्रह उडाला १९७८ मध्ये.

जीपीएस तुमचा वेग दोन जागांमधलं अंतर भागून काढतं, असं बहुतेकांना वाटतं. चांगला रिसीव्हर तसं करत नाही. तो स्पुटनिकचीच युक्ती वापरतो. उपग्रहाची लहर सेकंदाला १५७ कोटींहून जास्त वेळा कंप पावते. तुम्ही ताशी ५५ किलोमीटरने थेट तिच्या दिशेने गेलात, तर त्यात फक्त ८० च्या आसपास कंपनांचा फरक पडतो. तो फरक मोजला की वेग हातात, आणि जागेपेक्षा कितीतरी अचूक. अमेरिकी लष्कर नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत होतं. मे २००० मध्ये ते बंद झालं आणि बाजारात स्वस्त, नेमके रिसीव्हर आले.

तरी फोनचा जीपीएस बोटीत चालला नसता. तो साधारण सेकंदाला एकदा वेग सांगतो. तेवढ्यात बोट १५ मीटर पुढे गेलेली असते आणि पुढची बोया अडीच-पावणेतीन सेकंदांवर. हिसका कळेपर्यंत तो संपूनही गेलेला. म्हणून सेकंदाला अनेकदा वाचन देणारे रिसीव्हर लागले. २००८ च्या सुमारास झीरो ऑफ नावाची यंत्रणा अमेरिकेतल्या स्पर्धांमध्ये आली आणि चुंबक, चाक, वाऱ्याचे अंदाज, सगळं एकदम जुनं झालं. जुन्या बोटींसाठीही जीपीएसची जोड निघाली. डॅशबोर्डवर डबी चिकटवायची, वायर जोडायची, थ्रॉटल ओढणारी मोटर तीच.

आणि खेळाडूंनी बोंब मारली. वेळ अगदी बरोबर येत होती, पण बोट ओढते वेगळी. माणूस हिसक्याला थोडा दबायचा. यंत्र दबत नाही, लगेच उलट ओढतं. शेवटी यंत्रणेत ए१ पासून सी३ पर्यंत सेटिंग्ज आल्या, इंजिनाने कधी आणि किती जोरात उत्तर द्यायचं ते ज्याने त्याने निवडायचं. चालकाच्या हाताचा स्वभाव मेनूमध्ये आला, असं मी म्हणेन. कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर दिलेल्यांना यात आपले जुने पी आणि आय भेटतील.

बोया तळाशी बांधलेल्या, म्हणून जमिनीचा वेग मोजणं तिथे बरोबरच आहे. शिवाय स्पर्धा बंदिस्त तळ्यात होतात, तिथे दोन्ही वेग एकच. हीच बोट ठाणे खाडीत आणा. समजा पाणी ताशी ४ किलोमीटरने वाहतंय. जीपीएस ५५ म्हणेल. पाण्याविरुद्ध जाताना बोट पाण्यातून ५९ ने चाललेली असेल, पाण्यासोबत ५१ ने. स्कीला उचलणारं बळ वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे एकाच आकड्यावर एका दिशेला पायाखालचं पाणी एक तृतीयांश जास्त जोराने उचलणार. स्क्रीनवर काहीच बदललेलं दिसणार नाही. जुन्या चाकाला मात्र हे आपोआप कळलं असतं.

आपल्या किनाऱ्यावर कोळ्यांना हा हिशेब तोंडपाठ. तिथीची पाऊणपट करायची, पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. उधाणाला ओढ जास्त, भांगेला कमी. अ‍ॅपच्या आधीचं हे अ‍ॅप, आणि बॅटरी लागत नाही.

मोठ्या जहाजांनी पाण्याचा वेग सोडलेलाच नाही. उरणसमोर न्हावा-शेव्याला येणाऱ्या कंटेनर जहाजांकडे जीपीएस असतंच. तरीही आंतरराष्ट्रीय सोलास नियमांनुसार ३०० टनांवरच्या जहाजाला पाण्यातला वेग मोजणारं वेगळं यंत्र ठेवावं लागतं, आणि ५०,००० टनांवरच्याला जमिनीच्या हिशेबाने वेग दाखवणारंही. कारण रडारवर समोरच्या जहाजाचं तोंड नेमकं कुठे आहे हे ओळखायला पाण्याचा वेग लागतो, आणि धक्क्याला लागताना जमिनीचा.

कोणी या खाडीसाठी बोटीची वेगयंत्रणा जीपीएसवर आणायला घेतली, तर मी त्याला बुडाचं चाक काढू देणार नाही. त्याची वायर त्याच डबीत आणायची आणि स्क्रीनवर दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवायचे. त्यांच्यातला फरक म्हणजेच त्या क्षणी खाडीचं पाणी कुठल्या बाजूला, किती ओढतंय.