कर्जतचा काळा पाषाण की क्योटोचा दगड? सुरीला धार नेमकी कशाने लागते?

कर्जत-खालापूर पट्ट्यात दगडाला तोटा नाही. उल्हास आणि पाताळगंगेच्या पात्रापासून राजमाचीच्या कड्यापर्यंत जिकडे बघावं तिकडे काळा कातळ आहे. तरीही विळीची धार गेली की इथला माणूस दुकानातून विकतचा दगड आणतो. दुसरीकडे ऑनलाइन बाजारामुळे जपानी सुऱ्या आणि त्यांच्यासाठीचे जपानी नैसर्गिक दगडही आता घरपोच मागवता येतात. त्यांची किंमत साध्या दगडाच्या कित्येक पट असते.

मग प्रश्न पडतो की दारातला दगड फुकट असताना तो का चालत नाही? जपानच्या डोंगरातल्या दगडात असं काय आहे? आणि आपल्या स्वयंपाकघराला त्याची गरज आहे का?

धार लागते म्हणजे काय होतं?

धार म्हणजे पात्याच्या दोन बाजू जिथे मिळतात ती रेघ. वापरून वापरून ही रेघ गोलसर होते, कधी एका बाजूला वळते. टोमॅटोची साल कापली न जाता दबायला लागली की समजायचं, रेघ गेली. मग आपण हाताचा जोर वाढवतो, सुरी घसरते आणि बोट कापतं. बोथट सुरी धारदार सुरीपेक्षा जास्त धोक्याची म्हणतात ती यासाठीच.

दगड पात्याच्या दोन्ही बाजूंचं थोडंथोडं पोलाद खरवडतो आणि ती रेघ पुन्हा बारीक करतो. त्यासाठी दगडात तीन गुण लागतात. त्यातले कण पोलादापेक्षा टणक हवेत. ते सगळे साधारण एकाच आकाराचे हवेत, नाहीतर एखादा मोठा कण धारेवर चरा पाडतो. आणि झिजलेले कण गळून खालचे नवे कण वर यायला हवेत. हा तिसरा गुण दगड निवडताना बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

मग काळा पाषाण का चालत नाही?

सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. त्यात मुख्यतः फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजं असतात. खनिजांचा टणकपणा मोजायच्या 1 ते 10 च्या मोज मापनश्रेणीवर ती 5 ते 6.5 च्या दरम्यान येतात. टणक केलेलं पोलादही साधारण 6 च्या पुढेमागेच असतं. म्हणजे दगड आणि पातं यांची ताकद जवळपास सारखी. पोलाद सहज खरवडणारं क्वार्ट्झ 7 वर आहे, पण या पाषाणाच्या मुख्य घटकांत ते नसतं. पोकळ्यांमध्ये गारगोटीच्या रूपात ते सापडतं, मात्र त्याने सपाट दगड बनत नाही.

दुसरं म्हणजे हा पाषाण घट्ट असतो, त्याचे कण लवकर सुटत नाहीत. पाटा-वरवंट्यासाठी हाच गुण सोन्यासारखा, कारण वाटणात दगडाची कच येत नाही. पण पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यावी लागते. धारेच्या दगडाला रोज टाकी कोण लावणार? ओढ्याकाठच्या कातळावर पाणी टाकून कोयता घासला तर गंज जातो, जाडसर धारही येते. मात्र कांदा चिरायच्या सुरीला ती पुरत नाही.

माथेरानच्या माथ्यावरचा जांभा त्याहून निरुपयोगी, कारण तो भोकाभोकांचा आणि ठिसूळ असतो. धारेला जवळचा असा वालुकाश्म महाराष्ट्रात आहे, पण तो पार चंद्रपूरकडे.

जपानी नैसर्गिक दगड कोणकोणते?

जपानमध्ये धारेच्या दगडाला 'तोइशी' म्हणतात. खरखरीत तो 'आरातो', मधला 'नाकातो' आणि शेवटचा हात फिरवायचा तो 'आवासेदो', असे त्याचे तीन गट आहेत. त्यातली ठळक नावं अशी :

• ओमुरा : नागासाकीकडचा वालुकाश्म. खरखरीत. तुटलेलं टोक किंवा फारच बोथट झालेलं पातं पहिल्यांदा यावर घासतात.

• अमाकुसा : कुमामोतो प्रांतातल्या बेटांवरचा मध्यम दगड. पांढरट अंगावर तांबूस वळणं असतात. नैसर्गिक दगडांमध्ये तो स्वस्तातला मानला जातो.

• इयो : शिकोकू बेटावरच्या एहिमे प्रांतातला मध्यम दगड. याच्या खाणीतला चुरा वाया जात असे. त्या चुऱ्यापासून 1777 मध्ये पांढरी चिनी मातीची भांडी बनवण्यात यश आलं आणि तोबेची प्रसिद्ध भांडी जन्माला आली.

• आओतो : क्योटोच्या पश्चिमेला कामेओका भागातला निळसर राखाडी दगड. घासताना भरपूर चिखल सोडतो. मध्यम आणि बारीक दगडांमधला दुवा म्हणून वापरतात.

• आवासेदो : क्योटोच्या आसपासच्या डोंगरातला सर्वांत बारीक आणि सर्वांत महाग दगड. नारुताकी, नाकायामा, ओझुकू, ओहिरा ही त्याच्या खाणींची नावं. विक्रेते दगडावर खाणीचं नाव सांगतात, आंबेवाले देवगड-रत्नागिरी सांगतात तसं.

क्योटोच्या दगडात वेगळं काय?

हा दगड लाव्ह्याचा नाही, समुद्राच्या तळाचा आहे. रेडिओलॅरिया नावाच्या सूक्ष्म जीवांचे सिलिकाचे सांगाडे आणि अतिशय बारीक माती साधारण 25 कोटी वर्षांपूर्वी खोल समुद्रात थराथराने साचली. म्हणजे सह्याद्रीच्या पाषाणाहून तो जवळपास चौपट जुना. सांगाड्यांच्या सिलिकाचं क्वार्ट्झ झालं आणि ते मातीत घट्ट रुतून बसलं. कण टणक, पण त्यांना धरून ठेवणारी माती मऊ. धारेला हवी असते ती हीच जोडी.

पाणी टाकून घासलं की वरच्या थराचा चिखल होतो. त्या चिखलातले कण घासताघासता आणखी बारीक होत जातात. त्यामुळे एकाच दगडावर सुरुवातीला थोडं जास्त पोलाद निघतं आणि शेवटी नुसती झिलई होते. फार टणक दगड चिखल लवकर सोडत नाही. मग 'नागुरा' नावाचा छोटा दगड त्यावर घासून आधी चिखल तयार करतात.

पारंपरिक जपानी सुरीत धारेपुरतं टणक पोलाद आणि त्याला जोडलेलं मऊ लोखंड असतं. नैसर्गिक दगडावर मऊ लोखंड धुक्यासारखं मंद दिसतं आणि पोलाद चमकतं. या रूपाला 'कासुमी' म्हणतात, म्हणजे धुकंच. महाग दगडाच्या किमतीतला काही भाग या देखणेपणाचाही असतो, हे विसरून चालणार नाही.

क्योटो परिसरातल्या बहुतेक खाणी विसाव्या शतकात बंद झाल्या. चांगला थर संपत आला, खाणकाम परवडेना आणि बाजारात कारखान्यातला दगड आला. बरेचसे दगड आता जुन्या साठ्यांतून विकले जातात. किंमत वाढण्याचं हे मोठं कारण आहे.

कारखान्यातला दगड कसा असतो?

अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी 1891 मध्ये विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड तयार केलं. त्यालाच कार्बोरंडम म्हणतात. टणकपणात ते 9 च्याही वर आहे. 9 वर असलेलं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडही भट्टीत बनतं. याच पदार्थाचं नैसर्गिक रूप म्हणजे आपला कुरुंद. कारखान्यांच्या आधी कुरुंदाची पूड लाखेत मिसळून धारेची चाकं बनवली जात. शस्त्रं घासून लख्ख करणं, म्हणजे 'शिकल' करणं, हा शिकलगारांचा पिढीजात धंदा होता.

घासकामाच्या या नव्या उद्योगात रायगड जिल्ह्याचंही नाव आहे. उरणजवळ मोरा इथे 1941 मध्ये 'ग्राइंडवेल' हा ग्राइंडिंग व्हील बनवणारा कारखाना सुरू झाला. तीच आजची ग्राइंडवेल नॉर्टन कंपनी.

कारखान्यातल्या दगडाचा मोठा फायदा म्हणजे आकडा. 400 खरखरीत, 1000 मध्यम, 3000 ते 8000 बारीक. आकडा जितका मोठा तितका कण लहान. 1000 च्या दगडातला कण मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढा असतो. नैसर्गिक दगडाला असा आकडा नसतो. एकाच खाणीचे दोन दगड वेगळे निघू शकतात, म्हणून तो घासून बघूनच निवडावा लागतो. फोटो बघून मागवणं म्हणजे कलिंगड न वाजवता घेणं.

आपल्या घरात कोणता दगड घ्यावा?

हे घरात काय कापता आणि कशाने कापता यावर ठरतं.

विळी : जपानी दगड सपाट आणि रुंद असतो. त्यावर सुरी पुढेमागे न्यायची असते. विळीचं पातं पाटाला जोडलेलं आणि वाकडं. ते दगडावर नेता येत नाही, दगडच पात्यावर फिरवावा लागतो. त्यासाठी हातात मावणारा छोटा कार्बोरंडमचा दगड पुरेसा आहे. इथे क्योटोचा दगड आणणं म्हणजे पैसे पाण्यात.

कोयता आणि विळा : यांना बारीक झिलई नको, टिकणारी जाडसर धार हवी. विळ्याच्या आतल्या वळणासाठी अरुंद दगड घ्यावा. भात कापणीला शिफारस होणारा दातेरी वैभव विळा मात्र साध्या विळ्यासारखा दगडावर घासू नये, दाते जातात.

स्टेनलेसची रोजची सुरी : दोन बाजूंचा कृत्रिम दगड घ्यावा, एक बाजू 400 च्या आसपास आणि दुसरी 1000. स्टेनलेसमध्ये क्रोमियम कार्बाइडचे कण असतात. ते क्वार्ट्झपेक्षाही टणक असतात, त्यामुळे नैसर्गिक दगड त्यांच्यापुढे कमी पडतो. महाग दगड घेऊनही धार येत नाही, ही तक्रार इथूनच सुरू होते.

कार्बन पोलादाची जपानी सुरी : नैसर्गिक दगडाची खरी जोडी हिच्याशी जमते. तरी पहिलं काम 1000 च्या कृत्रिम दगडावर करून शेवटचा हात नैसर्गिक दगडावर फिरवणं सोयीचं. पहिलाच नैसर्गिक दगड घ्यायचा असेल तर अमाकुसा किंवा आओतोपासून सुरुवात करावी.

दगडच नसेल तर : लोणच्याची चिनी मातीची बरणी पालथी घालावी. तळाचं कडं बिनझिलईचं असतं. त्यावर पाण्याचा हात लावून सुरी घासली की वेळ निभावते. तोबेच्या भांड्यांची आठवण ठेवली तर यात नवल वाटणार नाही.

घासायचं कसं?

कोन एकसारखा राहणं हे दगडाच्या जातीपेक्षा महत्त्वाचं. पातं 4 सेंमी रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून साधारण 1 सेंमी वर धरा. तो 15 अंशांचा कोन झाला. जाड सुरीसाठी ही उंची दीड सेंमीच्या जवळ न्या. एक बाजू घासताना दुसऱ्या बाजूला धातूची बारीक कड वळते. पाठीकडून धारेच्या दिशेने बोट अलगद सरकवलं की ती खरखरीत लागते. ती टोकापासून मुठीपर्यंत जाणवली की बाजू बदला. कड यायच्या आधीच बारीक दगडावर गेलात तर पातं चमकेल, कापणार नाही.

वापरून दगड मधोमध खोलगट होतो. जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून, पाणी टाकून तो सपाट करून घ्यावा.

काय टाळायचं?

कोरडं घासू नका. क्वार्ट्झ असलेल्या दगडाची धूळ छातीत जाणं वाईट असतं, पाण्याने ती खाली बसते. पाण्याच्या दगडावर तेल टाकू नका, कण बुजतात. फिरत्या चाकावर धार लावून घेताना पातं गरम होऊ देऊ नका. कडेला निळसर रंग आला तर तिथल्या पोलादाचं पाणी उतरलं, ती धार टिकणार नाही.

नैसर्गिक दगड तासन् तास पाण्यात भिजत ठेवू नका. तो थरांचा बनलेला असतो, पाणी शिरून थर सुटू शकतात. म्हणूनच जपानमध्ये त्याच्या बाजूंना लाखेसारखा थर देतात. काम झालं की पुसून सावलीत वाळवा, उन्हात तडकायची भीती असते. कर्जतच्या पावसाळ्यात कार्बन पोलादाची सुरी एका रात्रीत गंज धरू शकते, तेव्हा पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवून ठेवा.

सपाट कृत्रिम दगड, पाणी आणि एकसारखा कोन एवढ्यावर बहुतेक घरांचं काम होतं. क्योटोचा दगड हवासा वाटला तर जरूर घ्यावा, पण आधी साध्या दगडावर हात बसू द्यावा.