फुटीर बंडखोरांची हिंसा आणि दहशतवादाचा कायदा

२ जून १९८७ रोजी श्रीलंकेतील अरंतलावा येथे 'लिट्टे'ने बस अडवून ३३ बौद्ध भिक्खूंची हत्या केली. त्यांतले बहुतेक कोवळ्या वयाचे श्रामणेर होते. लिट्टेचा लढा स्वतंत्र तमिळ ईलमसाठी होता. मागणी काहीही असो, निःशस्त्र माणसांची अशी कत्तल आम्ही दहशतवादच मानतो. जिनिव्हा करारांचा १९७७ चा दुसरा पूरक करारही यादवी युद्धात नागरिकांमध्ये दहशत पसरवण्यासाठी केलेल्या हिंसेला मनाई करतो. सैन्याच्या छावणीवरचा हल्ला हा वेगळा प्रश्न आहे.

पण कायद्याच्या हाती हा शब्द गेला की काय होते? श्रीलंकेने १९७९ मध्ये दहशतवाद प्रतिबंधक कायदा तात्पुरता म्हणून आणला आणि १९८२ मध्ये तो कायम केला. २०२२ पर्यंत आरोपपत्राविना १८ महिने स्थानबद्धता, वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य! याची झळ बंदूक न उचललेल्या तमिळ तरुणांनाही बसली. मारले गेलेले आपले भिक्खू होते, म्हणून हा अन्याय आम्हाला नजरेआड करता येत नाही.

भारतात राजीव गांधी हत्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये 'टाडा'खालील दहशतवादी कृत्याची शिक्षा रद्द केली. जनतेत दहशत पसरवण्याचा किंवा सरकारला धाक घालण्याचा हेतू सिद्ध झाला नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. खून आणि कटाचा गुन्हा मात्र कायम राहिला, चौघांची फाशीही. म्हणजे बंदी असलेल्या संघटनेशी संबंध असला तरी न्यायालयाने कृत्य आणि हेतू स्वतंत्रपणे तपासले. लिट्टेवर भारतात १९९२ पासूनच यूएपीएखाली बंदी होती.