पडद्यावरील फेरफाराची कुळकथा

संगणकावर मजकूर लिहिताना मधली एक ओळ खोडली की खालच्या साऱ्या ओळी निमिषार्धात वर सरकतात, आणि हे इतक्या सहजपणे घडते की त्यामागे काही विद्या असेल अशी शंकाही लिहिणाऱ्याच्या मनाला शिवत नाही. या विद्येचे कुळ मात्र विलक्षण आहे. ते शोधत मागे गेले असता आपण एडिटर रचणाऱ्यांच्या दारी न थांबता थेट मॉस्कोतील एका गणितज्ञाच्या १९६५ सालच्या निबंधापाशी पोहोचतो, आणि त्या निबंधाचा विषय संदेशवहनात होणाऱ्या चुका हा आहे.

रूढ वंशावळ निराळी आहे. तिच्यात मूळपुरुषाचा मान बिल जॉय याला दिला जातो. त्याने १९७६ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील बर्कली येथे ‘व्हीआय’ हा एडिटर रचला, तो घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करीत असे, आणि त्या मंद तारेनेच त्याला काटकसर शिकवली, अशी ही कथा आहे. त्या तारेवरून सेकंदाला जेमतेम ३० अक्षरे येत. २४ ओळी व ८० स्तंभांचा, म्हणजे १९२० अक्षरांचा पडदा भरावयास ६४ सेकंद लागत. जॉयने केलेली तजवीज खरोखर चतुर होती. मंद तारेवर तो केवळ ८ ओळींची खिडकी उघडी आणि १२०० बॉडवर १६ ओळींची. ज्या टर्मिनलला ओळ गाळण्याची आज्ञा ठाऊक नसे तेथे खोडलेल्या ओळीच्या जागी ‘अ‍ॅट’चे चिन्ह ठेवून खालच्या ओळींना तो हातच लावीत नसे. या पक्षाचा सर्वांत बळकट पुरावा असा की, कर्सर हलवण्याच्या जॉयच्या कोडमधूनच केन आर्नल्डने पुढे ‘कर्सेस’ हा सर्वांच्या उपयोगी पडणारा संग्रह घडवला.

दुसरा पक्ष एमआयटीचा. तेथे १९७६ मध्ये उदयास आलेल्या ईमॅक्स या एडिटरमध्ये रिचर्ड स्टॉलमनने पडदा रंगवण्याच्या कामाला संपादनाहून खालचा दर्जा दिला होता. लिहिणाऱ्याने नवी कळ दाबताच रंगवणे अर्ध्यावर सोडून आधी आज्ञा पाळावयाची आणि सवड मिळेल तेव्हा पडदा पुरा करावयाचा, असा तो दंडक होता.

हे दोन्ही दावे मला मान्य आहेत, परंतु मूळपुरुषत्वाचे नव्हेत. जॉयने काम टाळावयास शिकवले आणि स्टॉलमनने ते पुढे ढकलावयास. पण जे काम करणे प्राप्तच आहे ते कमीत कमी खर्चात कसे करावे, याचा हिशेब या दोन्ही युक्तींत नाही. तो मांडला जेम्स गॉस्लिंगने, जो पुढे जावा भाषेचा कर्ता म्हणून विख्यात झाला आणि त्या वेळी कार्नेगी मेलन विद्यापीठात विद्यार्थी होता. जून १९८१ मध्ये ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे मजकूर-संस्करणावर जी परिषद भरली, तिच्यात स्टॉलमनचा ईमॅक्सवरील निबंध आणि गॉस्लिंगचा पडदा नव्याने रंगवण्याच्या रीतीवरील निबंध हे दोन्ही सादर झाले.

गॉस्लिंगने केले ते असे. लिहिणाऱ्याने कोणती आज्ञा दिली याची विचारपूस त्याने सोडूनच दिली. आता पडद्यावर काय आहे आणि काय असावयास हवे, या दोनच चित्रांकडे पाहून एकाचे दुसऱ्यात रूपांतर अल्पतम खर्चात कसे होईल एवढाच प्रश्न त्याने विचारला. तिसरी ओळ खोडली आहे असे समजा. ओळीला ओळ लावून पाहणाऱ्यास तिसरीपासून चोविसाव्यापर्यंतच्या २२ ओळी बदललेल्या दिसतील आणि ३०० बॉडवर त्या पुन्हा लिहावयास जवळजवळ मिनिटभर लागेल. उलट ओळ गाळण्याची एक आज्ञा धाडून तळाची एकच ओळ नव्याने लिहिली तर तीन सेकंदांत काम आटोपते. हा दुसरा मार्ग यंत्राला आपण होऊन सुचावा म्हणून गॉस्लिंगने एका बाजूस जुन्या ओळी व दुसऱ्या बाजूस नव्या ओळी मांडून एक कोष्टक आखले, आणि गाळणे, घालणे व पुन्हा लिहिणे या तिन्ही पर्यायांपैकी स्वस्त पडेल तो प्रत्येक घरात नोंदवला.

खर्चाचा तपशील तर याहून मनोरंजक आहे. टर्मिनलला ओळी सरकवावयास वेळ लागे आणि तेवढ्यात आलेली अक्षरे हरवत. म्हणून संगणक मधल्या वेळात पोकळ अक्षरे पाठवून विलंब भरून काढी. सरकणाऱ्या प्रत्येक ओळीमागे ५ मिलिसेकंद धरले तर सबंध पडद्याला १२० मिलिसेकंद होतात. मंद तारेवर एवढा वेळ चार अक्षरांपेक्षाही कमी, म्हणजे जवळजवळ फुकट. परंतु ९६०० बॉडच्या शीघ्र तारेवर तेवढ्यातच ११५ अक्षरे, म्हणजे जवळपास दीड ओळ, लिहून होते. एकाच फेरफाराचा एका तारेवरील स्वस्त मार्ग दुसऱ्या तारेवर महाग ठरावा, हे केवळ काटकसरीच्या बुद्धीने उमगणारे नव्हते. त्याला कोष्टकच हवे होते.

आणि हे कोष्टक गॉस्लिंगचे नव्हे. एका अक्षरमालेची दुसरी अक्षरमाला करण्याच्या प्रश्नावर वॅग्नर आणि फिशर यांनी १९७४ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातील रीत पडद्याला लावली असल्याचे गॉस्लिंगच्या निबंधातच नमूद आहे. त्यांच्या मागे उभे आहेत व्लादिमीर लेव्हेन्श्टाइन, ज्यांनी १९६५ मध्ये गळालेली, घुसलेली आणि बदललेली चिन्हे मोजून दोन संदेशांमधील अंतर ठरवले. अमेरिकेत नीडलमन आणि वुन्श यांनी १९७० मध्ये प्रथिनांच्या साखळ्या परस्परांशी जुळवण्यासाठी जे कोष्टक योजले तेही याच घराण्यातील. प्रथिनांचे साम्य शोधणारा जीवशास्त्रज्ञ आणि पडद्यावर ओळ सरकवणारा एडिटर हे असे सख्खे भाऊबंद ठरतात.

यावर कोणी म्हणेल की, रीत उसनी घेतल्याने कूळ बदलत नाही, आणि मंद तार नसती तर गॉस्लिंगला या निबंधांची आठवणही झाली नसती. गरजेचे ऋण मी नाकारीत नाही. परंतु तीच गरज जॉयलाही होती, आणि तिने त्याला आठ ओळींच्या खिडकीपाशी नेले. कोष्टकापाशी नेले नाही.

आज्ञा विसरून चित्रांकडेच पाहण्याच्या या दृष्टीचे मोल देवनागरी लिहिणाऱ्याला विशेष कळावे. ‘क’ लिहून ऱ्हस्व वेलांटी दिली तर साठवणीत वेलांटी ‘क’च्या मागून येते, पडद्यावर मात्र ती त्याच्या डावीकडे उमटते आणि ‘क’ उजवीकडे सरकतो. ‘क्’पुढे ‘ष’ लिहिताच आधी रंगवलेले अक्षर नाहीसे होऊन तेथे ‘क्ष’ अवतरतो. नवी कळ जेथे उमटेल तेवढीच जागा रंगवावी असे मानणारा एडिटर येथे फसतो. जुने आणि नवे चित्र ताडून पाहणारा फसत नाही. गॉस्लिंगच्या मांडणीतील समान रुंदीची घरे मात्र आपल्या जोडाक्षरांना अपुरी पडतात, आणि तेवढी दुरुस्ती पुढीलांना करावी लागली.

गॉस्लिंगला आपल्या कोडच्या दुर्बोधतेची जाणीव होती. पडदा रंगवण्याच्या भागाच्या माथ्यावर त्याने कवटी आणि हाडे रेखाटून वाचणाऱ्याला सावध केले होते. १९८५ मध्ये स्टॉलमनच्या ग्नू ईमॅक्सच्या आरंभीच्या आवृत्तीत गॉस्लिंगचा काही कोड होता. त्याच्या मालकीचा वाद उपस्थित होताच स्टॉलमनने तो काढून तो भाग नव्याने लिहिला. कोड गेला, कोष्टक राहिले: ग्नू ईमॅक्सच्या ‘स्क्रोल.सी’ या फायलीत लिहिणे, घालणे आणि गाळणे यांचे तीन खर्च आजही घराघरांत मांडले जातात.