रेफ्युजियम : शैवाल आणि समुद्री गवताची लागवड

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाला जोडलेली, पण मोठ्या माशांना मज्जाव असलेली वेगळी टाकी. रेफ्युजियम हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ आसरा. मुख्य टाकीतले पाणी पंपाने किंवा उताराने येथे येते, शैवाल व गवतातून फिरते आणि परत जाते. कोपेपॉड, अँफिपॉड यांसारखे बारीक कवचधारी जीव येथे निर्धास्त वाढतात. त्यांची पिल्ले प्रवाहाबरोबर मुख्य टाकीत पोहोचतात आणि मँडरिनसारख्या, दिवसभर बारीक जिवंत भक्ष्य टिपणाऱ्या माशांचे पोट भरते. रेफ्युजियम मुख्य टाकीपेक्षा उंचावर ठेवले, तर या जिवांना पंपातून जावे लागत नाही. घरी मात्र ते बहुधा टाकीखालच्या कपाटात, संपच्या, म्हणजे खालच्या गाळण-टाकीच्या, एका कप्प्यातच बसवावे लागते.

माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून अमोनिया तयार होतो व जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट आणि फॉस्फेट साचत गेले की काचेवर, खडकांवर नको ते शेवाळ माजते आणि प्रवाळांची वाढ बिघडते. रेफ्युजियममधले मोठे शैवाल हेच नत्र-स्फुरद आपल्या अंगात घेते. पण तेवढ्याने पाणी शुद्ध झाले असे समजणे चूक आहे. शेतातले नत्र जसे कापणीबरोबर शेताबाहेर जाते, तसे येथेही शैवाल कापून बाहेर काढल्यावरच ते टाकीबाहेर जाते. न छाटलेले शैवाल आतून कुजू लागले की घेतलेले सगळे पाण्यात परत सोडते. म्हणून छाटणी हेच या टाकीचे मुख्य काम आहे. शैवालाच्या वाढीवर टाकी राखण्याच्या विचाराला शास्त्रीय बैठक देणाऱ्यांत अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी अग्रणी होत. कॅरन लव्हलँड यांच्यासह लिहिलेला त्यांचा ‘डायनॅमिक अक्वेरिया’ हा ग्रंथ १९९१ मध्ये निघाला.

पहिल्या लागवडीसाठी कीटोमॉर्फा सर्वांत भरवशाचे. भांडी घासायच्या तारेच्या गुंत्यासारखे दिसणारे हे हिरवे शैवाल कशालाही चिकटत नाही. हाताने उचलावे, अर्धे काढावे, उरलेले सोडून द्यावे. गुंता अधूनमधून उलटावा, नाहीतर तळाकडचा भाग उजेडावाचून सडतो. भरपूर अन्न असताना झपाट्याने वाढणारे कीटोमॉर्फा अचानक पांढरे पडू लागले, तर आधी फॉस्फेट मोजावे. ॲटकिन्सन व स्मिथ यांनी १९८३ मध्ये दाखवल्याप्रमाणे समुद्रतळाच्या वनस्पतींत स्फुरदाच्या एका अणूमागे नत्राचे साधारण ३० अणू असतात. स्फुरद संपले की पाण्यात नायट्रेट कितीही असो, वाढ थांबते.

ग्रॅसिलेरिया हे लाल शैवाल जरा सावकाश वाढते, पण छाटलेले तुकडे टँग माशांना खाऊ घालता येतात. हॅलिमेडाच्या चकत्यांत कॅल्शियम कार्बोनेट असते. प्रवाळांना लागणारे कॅल्शियम तेही ओढते, त्यामुळे पाणी स्वच्छ करण्यासाठी ते लावण्यात फारसा अर्थ नाही. कॉलर्पा दिसायला देखणे आणि वाढीला जोरकस. त्याचे आख्खे शरीर म्हणजे पडदे नसलेली एकच अवाढव्य पेशी. प्रजननाच्या वेळी ही पेशी आपला सगळा ऐवज युग्मकांच्या रूपात पाण्यात ओतते. एका रात्रीत पाणी गढूळ होते आणि मागे पांढरी, रिकामी साल उरते. एवढी जोखीम घेण्याजोगे कॉलर्पात काही नाही.

समुद्री गवत म्हणजे शैवाल नव्हे. त्याला खरी मुळे असतात, पाण्याखाली फुले येतात, परागणही पाण्यातच होते. म्हणून त्याची लागवडही वेगळी. बारीक वाळूचा १० ते १५ सेंटीमीटर थर लागतो. थॅलॅसियासारख्या खोल मुळांच्या जातींना त्याहून जास्त. नव्या, धुतलेल्या वाळूत गवत उपाशी राहते. आधी काही महिने मुरलेल्या वाळूत ते तग धरते, कारण नत्र-स्फुरदाचा मोठा वाटा ते मुळांनी घेते. खोल वाळूत प्राणवायू नसतो आणि विषारी सल्फाइड तयार होते. गवताची मुळे भोवताली प्राणवायू झिरपवून स्वतःचा बचाव करतात, पण त्यासाठी पानांना भरपूर उजेड मिळावा लागतो. रोप लावताना मूलक्षोडाचे वाढते टोक शाबूत हवे. ते तुटलेला तुकडा बहुधा पुढे सरकत नाही. लावल्यावर जुनी पाने गळतात. ते पाहून रोप उपटू नये. महिनोन्‌महिने थांबण्याची तयारी नसेल, तर गवताच्या वाटेला न जाणेच बरे. छोट्या टाकीला अंडाकृती पानांचे, बुटके हॅलोफिला सोयीचे. हॅलोफिलाच्या जाती गोवा आणि महाराष्ट्राच्या खाड्यांतही वाढतात, पण तेथून गवत आणू नये: किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत समुद्री गवताच्या कुरणांना सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात ठेवले आहे.

दिवे मुख्य टाकीच्या उलट वेळी, म्हणजे रात्री लावतात. रात्री सगळे जीव कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि पाण्याचा सामू उतरतो. त्याच वेळी रेफ्युजियममधले प्रकाशसंश्लेषण तो वायू खेचून घेते आणि सामूची घसरण कमी होते.

नवे शैवाल थेट सोडू नये. खाऱ्या पाण्यात हलवून धुवावे, काही दिवस वेगळ्या भांड्यात ठेवावे. गुंत्यातून येणारे ऐप्टेशिया हे समुद्रफूल पुढे हुसकावणे अवघड जाते.

छाटलेले शैवाल कधीही नाल्यात, खाडीत किंवा समुद्रात टाकू नये. पुरते वाळवून कचऱ्यात द्यावे. कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा मत्स्यालयातला वाण १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरविज्ञान संग्रहालयाखालच्या समुद्रात जेमतेम एक चौरस मीटर जागेत दिसला आणि पुढे भूमध्य समुद्रात दूरवर पसरला. २००० मध्ये तोच कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दोन ठिकाणी सापडला. ताडपत्र्यांखाली क्लोरीन सोडून तो मारण्यात आला. उच्चाटन झाल्याचे २००६ मध्ये जाहीर झाले, तोवर ७० लाख डॉलरहून अधिक खर्च झाला होता.