दक्षिणा ते फेलोशिप
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

कॉलेजच्या ग्रंथालयात मी बरीच वर्षं काम केलं. तिथे पुस्तकांच्या जोडीला आणखी एक चौकशी नेहमी व्हायची, 'संशोधनासाठी पैसे कुठून मिळतात?' विचारणारा कधी पीएच.डी.ला नाव नोंदवलेला तरुण प्राध्यापक असे, कधी निवृत्तीनंतर गावाचा इतिहास लिहायला बसलेले गुरुजी. आमच्या दिघीत ही चौकशी नवलाची नाही. इथे संरक्षण खात्याची संशोधन संस्था आहे, १९९४ साली सुरू झालेलं लष्कराचं अभियांत्रिकी कॉलेज आहे, शेजारी भोसरी-चाकणचे कारखाने आहेत. यंत्रावर प्रयोग करणाऱ्याला कुठून ना कुठून आधार सापडतो. पण मोडी कागद वाचणाऱ्याला किंवा बोलीभाषेतले शब्द गोळा करणाऱ्याला कोण विचारणार? आणि ग्रंथपालाने संशोधन करायचं म्हटलं, तर त्याला कोण विचारणार?

हा प्रश्न आजचा वाटतो, पण आपल्याच परिसरात तो जवळजवळ तीनशे वर्षं जुना आहे. जुन्या मुंबई रस्त्याने देहूरोड ओलांडून पुढे गेलं की तळेगाव लागतं. ते सेनापती दाभाड्यांचं गाव. खंडेराव दाभाडे श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत असत. १७३१ साली डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्र्यंबकराव बाजीराव पेशव्यांविरुद्ध लढताना मारले गेले. त्यानंतर दक्षिणेची ही प्रथा पेशव्यांनी पुण्यात चालू ठेवली. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा होता. श्रावणात दूरदूरहून ब्राह्मण तिथे जमत आणि दक्षिणा घेऊन परतत. शास्त्रात निपुण असलेल्यांना त्यांच्या विद्येप्रमाणे जास्त रक्कम मिळे, बाकीच्यांना थोडी थोडी.

आजच्या भाषेत बोलायचं तर ते सरकारी अनुदानच होतं. कोणत्याही अनुदानाबद्दल विचारायचे तीन प्रश्न त्यालाही लागू होते. पैसे कशासाठी द्यायचे? पात्र कोण हे कुणी ठरवायचं? आणि अशी सोय आहे ही बातमी कुणापर्यंत पोचायची? पेशवाईत उत्तरं ठरलेली होती. पैसे संस्कृत विद्येसाठी, पारख शास्त्र्यांची, आणि बातमी एकाच जातीत. शेतीची विद्या, कारागिरीची विद्या, मराठीत लिहिणं यांना रमण्याच्या दारातून आत जागा नव्हती.

१८१८ साली पेशवाई गेली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी दक्षिणा एकदम बंद केली नाही. नव्या राज्याला विद्वानांचा रोष नको होता. मात्र तिचा खर्च आवरला आणि त्यातला काही पैसा शिकवण्याकडे वळवला. १८२१ साली पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तिचा आधार हा दक्षिणेचा निधी होता. पुढे १८३० नंतरच्या दशकात नवीन नावं घेणं थांबवण्यात आलं. जुने दक्षिणा घेणारे वारले की त्यांची रक्कम शिल्लक पडू लागली. या शिलकेचं काय करायचं, यावरून पुढचा वाद पेटला.

तेव्हा पुण्यात इंग्रजी शिकलेल्या तरुणांची एक पिढी पुढे येत होती. गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी, 'प्रभाकर'मधून शतपत्रं लिहीत होते. १८४८ साली पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, आज आपण जिला पुणे नगर वाचन मंदिर म्हणून ओळखतो. या मंडळींनी १८४९ साली सरकारकडे अर्ज केला. दक्षिणेच्या शिलकेतून मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना आणि भाषांतर करणाऱ्यांना बक्षिसं द्यावीत, ही त्यांची मागणी होती. स्वतःचं नाव यादीत घाला असं त्यांनी म्हटलं नाही. पैसा कशासाठी द्यायचा, हा पहिला प्रश्नच त्यांनी नव्याने मांडला.

सनातनी मंडळी खवळली. दक्षिणा हा आपला धर्मसिद्ध हक्क आहे आणि हे घरभेदे तो बुडवायला निघाले आहेत, असा गहजब झाला. अर्ज करणाऱ्यांना मारहाण होईल अशी भीती निर्माण झाली. त्या वेळी त्यांच्या संरक्षणाला जोतीराव फुले पुढे आले. सुमारे दोनशे माणसं घेऊन ते उभे राहिले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या वेळी जोतीरावांचं वय पुरतं बावीस-तेवीस होतं. ज्या निधीतून त्यांच्या समाजाला कधी एक पैसा मिळाला नव्हता, त्या निधीची दिशा बदलावी म्हणून ते उभे होते.

अर्जाला यश आलं. मराठी ग्रंथांना उत्तेजन देण्यासाठी दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. लेखकाने हस्तलिखित पाठवायचं, कमिटीने ते तपासायचं आणि पसंत पडलं तर बक्षीस द्यायचं, अशी रीत पडली. मराठी गद्याच्या घडणीत या बक्षिसांचा वाटा मोठा आहे. जोतीरावांच्या शिक्षणकार्याची दखलही सरकारने घेतली. १८५२ च्या नोव्हेंबरात मेजर कँडी यांच्या हस्ते, त्याच विश्रामबागवाड्यात, त्यांना शालजोडी देऊन गौरवण्यात आलं.

१८५५ साली जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं आणि दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं. भोळ्या कुणबी कुटुंबाला भिक्षुक कसा नाडतो आणि विद्या मिळाली की त्या कुटुंबाचे डोळे कसे उघडतात, असा त्याचा विषय. कमिटीने ते नाकारलं. जोतीरावांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त याचा उल्लेख केला आहे. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, अशी त्यांची तक्रार आहे. ते नाटक छापून वाचकांपुढे यायला १९७९ साल उजाडलं. म्हणजे सव्वाशे वर्षं ते छापलंच गेलं नव्हतं.

श्रोत्यांनी इथे जरा थांबून विचार करावा. निधीचा हेतू बदलला होता, भाषा संस्कृतऐवजी मराठी झाली होती. पण पात्र कोण हे ठरवणारी माणसं बरीचशी पूर्वीच्याच वर्तुळातली राहिली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बदललं आणि दुसऱ्याचं तसंच राहिलं, तर असं होतं. नाटक नाकारलं म्हणून जोतीरावांचं लिहिणं थांबलं नाही, कारण कंत्राटदारीच्या कामातून त्यांचा स्वतःचा चरितार्थ चालत होता. पण ज्यांचा असा चरितार्थ नव्हता आणि ज्यांची हस्तलिखितं अशीच परत गेली, त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत.

याच निधीची एक चांगली बाजूही सांगितली पाहिजे. पुढे त्यातून कॉलेजांत दक्षिणा फेलोशिप सुरू झाल्या. हुशार विद्यार्थ्याला पुढे वाचता यावं, शिकवता यावं, म्हणून दरमहा वेतन मिळू लागलं. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे हे दोघेही दक्षिणा फेलो होते. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे जे पहिले पदवीधर झाले, त्यांत हे दोघे होते. भांडारकरांची संस्कृत संशोधनाची पद्धत आणि रानड्यांचा मराठ्यांच्या इतिहासाचा विचार, यांची तयारी त्या काळात झाली. ऐन उमेदीत पोटाची चिंता थोडी कमी झाली तर माणूस पुढची चाळीस वर्षं काय काम करू शकतो, याचा हा दाखला आहे.

आता तिसरा प्रश्न, बातमी पोचण्याचा. त्यासाठी मुंबईकडे वळू या. भीमराव आंबेडकर शाळेत असताना चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची त्यांच्याशी ओळख झाली. केळुसकर स्वतः लेखक होते. भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांनी आपलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. पुढे कॉलेजच्या खर्चाची अडचण आली तेव्हा केळुसकरांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि बडोद्याची मासिक पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली त्याच संस्थानाने अमेरिकेतल्या शिक्षणासाठी तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड दिले. जूनमध्ये करारावर सह्या झाल्या, शिक्षणानंतर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची अशी अट होती. मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धा टाकून आंबेडकरांना १९१७ साली परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, मित्राकडून उसने घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. सयाजीरावांचं औदार्य मोठंच होतं. पण दाता आणि विद्यार्थी यांच्यामध्ये एक गुरुजी उभे होते, हेही तितकंच खरं.

केळुसकर गुरुजींनी जे केलं, ते काम माझ्या मते ग्रंथपालाचं आहे. योजना कुठे आहे, मुदत कधी संपते, अर्जात काय मागतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याने ज्याला गरज आहे त्याला सांगायचं. सयाजीरावांनी हे ओळखलं होतं. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून बडोदा संस्थानात मोफत ग्रंथालयांचं जाळं उभं करायला घेतलं आणि ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्गही काढला. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयांचा कायदा केला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा.

ग्रंथपाल स्वतः संशोधक असू शकतो, हे पुण्यात परशुराम कृष्ण गोडे यांनी दाखवून दिलं. १९१९ पासून जवळजवळ आयुष्यभर ते भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात क्युरेटर होते, म्हणजे हस्तलिखितांचे सांभाळकर्ते. दुसऱ्यांना पोथ्या काढून देता देता त्यांनी स्वतः चारशेहून अधिक शोधनिबंध लिहिले. खाद्यपदार्थ, अत्तरं, रोजच्या वापरातल्या वस्तू, अशा विषयांचा इतिहास त्यांनी पोथ्यांतल्या बारीक उल्लेखांवरून उभा केला. जगभरचे अभ्यासक त्यांना पत्रं लिहून विचारत आणि ते उत्तरं देत. त्याच संस्थेतल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं चाललं. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या देणगीच्या वचनापासून सरकारी अनुदानांपर्यंत अनेकांच्या पैशावर ते पुरं झालं. एका दात्याच्या भरवशावर ते पार पडलं नसतं.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआर १९६९ पासून आहे, इतिहासासाठी आयसीएचआर १९७२ पासून. पुण्यात बार्टी आणि सारथी, नागपुरात महाज्योती या संस्था निघाल्या आणि ज्या घरांतून पूर्वी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, तिथली मुलं फेलोशिपवर संशोधन करू लागली. ग्रंथालयांसाठी राजा राममोहन रॉय प्रतिष्ठान आहे. राज्य शासनाचा उत्कृष्ट ग्रंथालयाचा पुरस्कार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने आहे आणि ग्रंथालयांतले कार्यकर्ते आणि सेवक यांच्यासाठी डॉ. रंगनाथन यांच्या नावाचा पुरस्कार आहे.

तरीही ते जुने तीन प्रश्न अर्जदाराने आपल्यापुरते विचारावेतच. पहिला, हा पैसा कशासाठी आहे? आपला विषय दात्याच्या हेतूत बसत नसेल तर ओढूनताणून बसवू नये, दुसरं दार शोधावं. दुसरा, पूर्वी हा कुणाला मिळाला आणि निवड कोण करतं? ती यादी वाचली की अर्ध्या शंका फिटतात. एका समितीने नाकारलं म्हणजे काम वाईट ठरत नाही, हे 'तृतीय रत्न'ने शिकवलं आहे. तिसरा, मुदत कधीची? कितीतरी चांगले अर्ज लिहून तयार असतात आणि तारीख उलटून गेल्यावर पोचतात.

ग्रंथालयांनी एक साधी गोष्ट करावी. नव्या पुस्तकांच्या फलकाशेजारी आणखी एक फलक लावावा आणि त्यावर शिष्यवृत्त्या, प्रकल्पांची अनुदानं आणि पुरस्कार यांच्या मुदती दर महिन्याला लिहाव्यात. वाचकांनाही एक विनंती आहे. आपल्या गावच्या ग्रंथालयात वर्षानुवर्षं तुटपुंज्या पगारावर काम करणारा माणूस स्वतःसाठी अर्ज करायला संकोचतो. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन पुरस्काराच्या अर्जाची चौकशी आपण करावी, नमुना आणून त्याच्या हातात द्यावा आणि भरायला त्याच्या शेजारी बसावं.